दगडूअप्पांचा काळाडोळा

दगडूअप्पा शिंपी कोबीचं माप घेत. गळ्यातली टेप काढायची, गड्ड्याभोवती फिरवायची, पुटपुटत आकडा मनात ठेवायचा आणि मग मान हलवायची. माप बसलं नाही तर गड्डा परत. भाजीवाली हसायची, पण अप्पांना त्याचं काही नसे. "माप चुकनं का मानूस चुकना," एवढं बोलून ते पुढचा गड्डा उचलत.

मी तेव्हा नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. आले होते नाशिकहून. शिकवायचे मराठी आणि शिवण, आणि दोन्हींत माझ्यासारखी मीच अशी माझी समजूत होती. अप्पांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली आणि दोन्ही बाबतींत मला शेजार नडला.

त्या काळी आमच्याकडे कोबी म्हणजे साहेबाची भाजी. थंडीच्या दिवसांत सुरतेच्या गाडीने चार टोपल्या यायच्या, त्यांनाही लोक वळसा घालून पुढे जायचे. अप्पा मात्र स्टेशनावर आधीच हजर. कारण तालुक्यात एकट्या अप्पांना 'काळाडोळा' येत असे.

हा पदार्थ त्यांनी गावाबाहेरच्या बंगल्यातल्या मडमेकडे पाहिला. मडम दूर थंड मुलखातली, बंगल्यात दवाखाना चालवायची. अप्पा तिथे पडद्यांचं माप घ्यायला गेले होते. टेबलावर कोबीच्या पानांत काहीतरी गुंडाळून, दोरा बांधून ठेवलेलं. हे काय म्हणून विचारलं, तर ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. अप्पांना ऐकू आलं 'कायाडोया'. अप्पांच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, आणि मी शुद्ध मराठीची कैवारी, मी म्हटलं, "अप्पा, काळाडोळा म्हणा." अशा रीतीने आम्ही दोघांनी मिळून त्या नावाची वाट लावली.

बरं, आत मटण होतं, म्हणून अप्पांनी ते तोंडात घातलंच नव्हतं. म्हणजे आयुष्यात कधी न चाखलेला पदार्थ ते नुसत्या डोळ्यांनी शिकून आले होते. आतलं सारण त्यांनी आपल्या मनाने ठरवलं. नवापूरकडचा तांदूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाण्याचं कूट, लसूण, आणि वरून आपल्याकडच्या लाल मिरचीचा असा रस्सा की खाणाऱ्याने आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढावा. प्रत्येक गुंडाळीच्या तोंडाशी एक काळी मिरी खोचलेली. ती कशाला, असं मी विचारलं.

"नाव कायाडोया आनि डोयाच नई? लोके हासतीन ना बाई."

मडम दोरा बांधत असे. अप्पांना ते गबाळं वाटलं. गाठ मारतो तो हमाल, शिंपी शिवतो. त्यांच्या गुंडाळ्या चक्क सुईदोऱ्याने शिवलेल्या असत. बारीक, तिरपे, एकसारखे टाके, आणि दोऱ्याचं एक टोक मोकळं. ताटात घेऊन ते ओढलं की शिवण सळकन सुटायची आणि पान हातही न लावता उलगडायचं. समोरचा मारवाडी दुकानदार नुसता दोरा ओढायला मिळावा म्हणून एक गुंडाळी मागून न्यायचा. अप्पा छाती काढून सांगत, "मन्हा हात शे. खान्देशमा असा दुसरा नई."

ते ऐकून माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू. एकदा वाटीत आलेली गुंडाळी मी खाल्लीच नाही. उजेडात धरून टाके तपासले, मुलींच्या वह्या तपासाव्यात तसे. आणि मला चूक सापडली. टाके सुरेखच होते, पण उलटीकडे कललेले. असे टाके डावखुऱ्याचे पडतात. अप्पा तर उजव्या हाताचे.

म्हटलं, आता पकडते म्हाताऱ्याला. तशीच मागच्या दाराने आत गेले.

चुलीपाशी अप्पांची बायको बसली होती. गोरी, शांत बाई. चार वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं आणि दिसायचं बंद झालं, एवढंच मला ठाऊक होतं. तिच्या मांडीवर पितळी परात, परातीत उकडलेली पानं, डाव्या हातात सुई. अप्पा शेजारी बसून दुसऱ्या सुईत दोरा ओवत होते. मला बघून ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"कोनले सांगू नका बाई," ती म्हणाली. "आंधयीना हातनं कोन खाई? म्हनतीन, पानमा सुई ऱ्हायनी व्हई."

मग हळूहळू सगळं कळलं. दुकानाची काजं-बटणं वर्षानुवर्षं तीच करायची. नजर अधू झाली तरी तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. एक दिवस एका वकिलाने चारचौघांत कोट परत आणून टाकला, काज बटणाच्या दोन बोटं खाली. त्या दिवशी तिने सुई ठेवली ती ठेवलीच. भिंतीकडे तोंड करून बसायची, जेवायची नाही. अप्पांनी जुनी कापडं दिली, गोधड्या दिल्या, तिने हात लावला नाही. मग त्यांनी कोबी आणला.

"कपडाले काय कये?" ती मला समजावत होती. "पानले शिरा ऱ्हातीस. त्या बोटले वाट दावतीस." मग मिरीचा एक दाणा चिमटीत धरून तिने गुंडाळीच्या तोंडाशी नेमका बसवला. "मन्हा दोन गयात बाई. आते देखा, कितला डोया लावस मी."

म्हणून ते माप, म्हणून स्टेशनावरच्या खेपा. मोठ्या पानाला शिवण लांब, तिला काम जास्त. आणि म्हणूनच ती बढाई. तिच्या हाताला कुणी नाव ठेवू नये म्हणून अप्पा स्वतःचा हात पुढे करत होते. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या थंडीत मडम कायमची मायदेशी निघाली. आमच्या शाळेच्या ओसरीत तिला निरोपाचं जेवण द्यायचं ठरलं. अप्पा म्हणाले, काळाडोळा मी करणार. आठवडाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ज्या बाईचा पदार्थ, तीच चाखणार. ती नाही म्हणाली तर उद्यापासून गाव हसेल, आणि घरातली सुई पुन्हा खाली ठेवली जाईल.

पंगत बसली. मडमेने गुंडाळी ताटात घेतली, मिरी बघितली, पहिला घास घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाणी प्यायल्यावर ती आपल्या जपून जपून बोलायच्या मराठीत म्हणाली, "हा तो पदार्थ नाही. आमचा असा नसतो."

लोक हसले. अप्पांचा चेहरा उतरला. मी पाटावरून उठणारच होते, इतक्यात मडमेने दुसरी गुंडाळी उचलली आणि दोरा न ओढता ती शिवण बोटाने चाचपली. बराच वेळ बघत राहिली.

"आमच्याकडे इतकं सुंदर कुणी शिवत नाही," ती म्हणाली. "कुणी केलं?"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. आता "मन्हा हात शे" येणार, हे सगळ्यांना पाठ होतं. अप्पांनी गळ्यातली टेप काढली, हातात गुंडाळली.

"धुरपतानी शिवन शे," ते म्हणाले. "धुरपताबाई. मन्ही बायको. तिले दिसत नई. असा टाका दुसऱ्या कोनले येस ते दखाडा."

तिला दिसत नाही याचं आश्चर्य होतंच, पण बायकोचं नाव उखाण्याशिवाय, भर पंगतीत, असं सरळ घेतलेलं तिथे कुणी ऐकलं नव्हतं. मडमेने ती गुंडाळी सबंध खाल्ली, रडत रडत, आणि आणखी एक मागितली.

मी जेवण अर्धं टाकून अप्पांच्या घरी पळाले. ती चुलीपाशी वाट बघत बसली होती. मी सगळं सांगितलं. बाकीचं तिने नुसतं ऐकून घेतलं.

"नाव लिधं?" तिने विचारलं. "लोकेसना समोर?"

"सगळ्यांसमोर. दोनदा."

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "म्हातारपने लाज सोडी दिन्ही," म्हणाली, आणि गालातल्या गालात हसत राहिली.

तेवढ्यात दारात अप्पांची पावलं वाजली. तीस वर्षं जशी हाक मारत आले तशीच त्यांनी मारली, "ऐकं का वं?"

ती नेहमी लगेच ओ द्यायची. आज दिली नाही. माझ्या हातावर हात ठेवून तिने मला गप्प बसवलं.

"ऐकं का?"

तिने माझा हात दाबला. मग उंबऱ्याच्या पलीकडून, लग्नातल्या नवऱ्यासारखा चाचरत, अप्पांचा आवाज आला.

"धुरपता?"

"ओ," ती म्हणाली.