धूर शून्य

एका जंगलात एकच डिझेल पिकअप होती. जंगलात पिकअप कशी, असं विचारू नका मुलांनो. तिथे सभापती होते. सभापती आले की गाडी येतेच.

पिकअपवर ड्रायव्हर होता भालबा अस्वल. त्याच्या म्हाताऱ्या आईला दमा होता. दर गुरुवारी तो तिला घाटापलीकडच्या घुबड डॉक्टरांकडे न्यायचा. सभापतींनी तेवढी सवलत दिली होती.

एका मंगळवारी सकाळी तो आईसाठी पेज गाळत होता. तेवढ्यात टिटवी ओरडत आली.

"आठ दिवसांनी धुराचं पथक येतंय! धूर दिसला की गाडी जप्त!"

भालबाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. पिकअप काळाकुट्ट धूर ओकत होती. चढ आला की मान टाकत होती. इंजिनचा पिवळा दिवा तर महिनाभर पेटलेलाच होता.

तो गाडी घेऊन साळूबाईकडे गेला. साळूबाई म्हणजे साळिंदर. जंगलात इंजिन कळणारी ती एकटीच. तिनं अंगावरचा एक काटा उपटला, इंजिनच्या नळीत घातला आणि बाहेर काढला. काट्यावर बोटभर काजळी होती.

"धूर परत फिरवणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय," ती म्हणाली. "इंजिन आपलाच धूर पुन्हा गिळतंय. ताजी हवा नाही, म्हणून डिझेल अर्धवट जळतंय. व्हॉल्व्ह उतरवून साफ करायला हवा. तीन दिवस गाडी ठेव."

"मधे गुरुवार येतो, साळूबाई."

"मग शुक्रवारी आण. पण आण, बाबा. भर घाटात दगा देईल."

सभा भरली. सभापती गवाजीराव गवे यांनी डायरी उघडली.

"शुक्रवारी पाणवठ्याचं उद्घाटन. शनिवारी माझा सत्कार. रविवारी सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. गाडी उभी कशी राहील?"

"जप्त झाली तर कायमची उभी राहील," साळूबाई म्हणाली. "भालबा, तू तरी बोल!"

गवाजीरावांनी भालबाकडे पाहिलं. "ड्रायव्हरची काही तक्रार असेल तर किल्ली दुसऱ्याला देऊ."

किल्ली गेली की गुरुवार गेला. भालबा म्हणाला, "माझी काही तक्रार नाही, साहेब."

मग वानरेसाहेब उठले. धूरतपासणी केंद्र त्यांचं होतं. आंब्याच्या झाडाखाली एक यंत्र, एक कॅमेरा आणि एक शिक्का.

"बिघाड नाहीच मुळी," वानरे म्हणाले. "दिवा दिसतो, म्हणून बिघाड वाटतो."

त्यांनी दिव्यावर सभापतींच्या हसऱ्या फोटोचं स्टिकर चिकटवलं. मग पिकअपच्या नंबरप्लेटचा फोटो काढला आणि यंत्राची नळी एका झोपलेल्या सशाच्या नाकाशी धरली. कागद छापून आला. धूर शून्य.

पथकात दोन बगळे होते. पंख काळे होतील म्हणून ते गाडीपासून लांबच उभे राहिले. त्यांनी कागद पाहिला, शिक्का पाहिला आणि जंगलाला आदर्श ठरवून मासे खायला गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी आईला सकाळपासूनच धाप लागली होती. भालबानं तिला मागे गादीवर निजवलं आणि घाट धरला.

"भाल्या, धूर फार आहे रे."

"कागदावर शून्य आहे, आई."

"मग खोकला मला एकटीलाच येतोय का?"

तिसऱ्या वळणावर पिकअप थांबली. वारा मागून होता. सगळा धूर गादीवर आला. भालबानं आईला पाठुंगळी घेतलं आणि चालू लागला.

"किती वळणं राहिली?" तिनं कानाशी विचारलं.

"दोन."

पाच राहिली होती. डॉक्टरांच्या दारात त्यानं तिला खाली ठेवलं. घुबडांनी बराच वेळ नाडी पाहिली. मग चष्मा काढून ठेवला.

चौकशी झाली. चौकशी समितीचे अध्यक्ष वानरेच होते.

"गाडीचा धूर शून्य," त्यांनी निकाल वाचला. "अर्थात, धूर म्हातारीचाच असणार. तिच्याकडे श्वासाचं प्रमाणपत्र नव्हतं."

"गाडी धूर ओकत होती तेव्हा तुमचं केंद्र..." साळूबाई बोलायला उठली. तिला विषयाला धरून बोलायला सांगण्यात आलं.

त्या दिवसापासून नियम झाला. आजाऱ्यानं गाडीत बसण्याआधी वानऱ्यांच्या नळीत फुंकायचं. धाप लागली असेल त्याला गाडी नाही.

म्हातारीच्या शोकसभेला गवाजीराव घाटातून ओढून आणलेल्या त्याच पिकअपमधून आले. गाडी भालबानंच चालवली. गवाजीराव म्हणाले, "असा ड्रायव्हर मिळायला भाग्य लागतं. कधी एका शब्दानं तक्रार नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत वाजवत नाहीत, हे नंतर लक्षात आलं.

तात्पर्य : मुलांनो, गाडीला दोष देऊ नये, तिच्याकडे कागद असतो. दमेकऱ्यानं मात्र आपला श्वास वेळीच तपासून घ्यावा. व्हॉल्व्ह अजून साफ केलेला नाही.