मामा-पंचांच्या निवाड्याची आणि गणोजी किल्लेदाराच्या नावाची बखर

श्री. बर्फाचे दैवत जे कोणी असेल ते प्रसन्न असो, आणि लिहिणाराचा हात न गारठो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध पंचमी, ते दिवशी जे वर्तमान जाहले ते ऐसे. उत्तरेस एक मुलूख आहे, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, तेथे वर्षाचे पाच मास तळी गोठतात आणि माणसे तळ्यावर चालतात, चालतात कसली, धावतात, आणि तेथील लोकांची नावे आमच्या जिभेस वळत नाहीत, सबब आपल्याकडची नावे घालून हकीकत लिहिली आहे, जाणत्यांनी राग मानू नये. त्या मुलखात थोरले कॉलेज व धाकटे कॉलेज ऐशी दोन संस्थाने. थोरल्याचा थाट काय सांगावा, छपराखाली बर्फाचे मैदान, बसावयास गाद्या, खेळगड्यांस अंग चोळणारे वेगळे आणि जोडे पुसणारे वेगळे. धाकट्याकडे एक तळे, चार दिवे आणि म्हातारे उस्ताद भिवबा, इतकाच सरंजाम.

उभयतांमध्ये दरसाल बर्फावर लढाई होत असे. एकेका बाजूस सहा असामी, पायात पोलादी धारेच्या खडावा, हातात वाकड्या काठ्या, आणि मध्ये एक काळी चकती, भाकरीहून लहान आणि दगडाहून टणक. ती काठीने हाणीत नेऊन शत्रूच्या जाळ्यात घालावी, त्यास गोल म्हणतात. पाच स्वार चाल करून जातात आणि सहावा जाळ्यापुढे उभा राहून येईल तो मारा अंगावर घेतो, तो किल्लेदार. आणि त्या मुलखाची एक रीत फार जुनी, ती ऐसी, की गोल जाहला म्हणजे पंचाने मैदानाच्या मधोमध यावे, टोपी काढावी, आणि गोल करणाराचे नाव सर्वांस ऐकू जाईल ऐसे पुकारावे, आणि कोणास ऐकू आले नाही तर त्याने उठून तसे म्हणावे आणि पंचाने फिरून पुकारावे. नाव पुकारल्याविना गोल खरा नव्हे. धाकट्याचा किल्लेदार गणोजी ठोंबरे, अंगाने आडवा, बोलण्यास सावकाश, लहानपणापासून त्याच तळ्यावर पडून उठून शिकलेला. त्याच्या मातुश्री बयाबाई दर लढाईस शाल गुंडाळून काठाशी बसत, खेळातले त्यांस ओ की ठो कळत नसे, आणि घरी परतताना हटकून विचारीत, "गण्या, आज तरी तुझं नाव पुकारलं का रे? मला काही ऐकू आलं नाही." गणोजी म्हणे, आई, किल्लेदाराचे नाव पुकारीत नाहीत, त्याचे काम गोल अडविण्याचे. त्यावर बयाबाई म्हणत की राबायचे एकाने आणि नाव दुसऱ्याचे, हा कुठला न्याय, आणि मग सारी वाट मुकाट्याने चालत.

ते साली धाकट्याच्या कारभारी मंडळाने ठराव केला की आपली फौज नेमाने हरते आणि नाचक्की मात्र आपल्या पदरी येते, सबब यंदा निशाण जिंकून आणिले तर फौज राहील, न आणिले तर फौज मोडावी, तळे बुजवावे, आणि त्या जागी मोटारी उभ्या कराव्या. हे ऐकून गणोजी तळ्याकाठी जाऊन उभा राहिला. त्याने तळ्याकडे पाहिले आणि त्यास दिसू लागल्या मोटारी, रांगेने, दारे लावलेल्या, आणि तो दोन दिवस धड जेवला नाही. उस्ताद भिवबा इतकेच म्हणाले की जेव, उपाशी किल्लेदार बाजूस सरकतो. मग तो जेवला. आणि धाकट्याचे दैव इतके थोर की लढाई धाकट्याच्या तळ्यावर व्हावयाची, तो ऊन पडून तळे आठ दिवस आधीच पाघळले, मग लढाई थोरल्याच्या मैदानी नेमिली. त्या मुलखाचा कायदा ऐसा की ज्याचे मैदान त्याचा पंच. पंच नेमिले विसाजीपंत, आणि थोरल्याच्या फौजेचा सरदार दावलराव तो विसाजीपंतांचा सख्खा भाचा. मामा पंच आणि भाचा सरदार, मग काय विचारता! आम्ही निःपक्षपाती लिहिणार, बोल कोणास लावणार नाही, परंतु कुंपणाने शेत खाल्ले तर शेताचे नाव पुढे करून कुंपणाची अब्रू राखण्याचा मक्ता आम्ही घेतलेला नाही.

पंचमीस दोन प्रहरी शिंग वाजले आणि उभय फौजा बर्फावर उतरल्या. दावलराव म्हणजे काय, देखणा गडी, वाऱ्याशी पैज लावणारा, आणि त्याची एक चाल साऱ्या मुलखात नावाजलेली, की चकती पुढे नेता नेता न पाहताच मागे टोलवावी आणि मागे त्याचा जोडीदार नेमका उभा असावा, लोकांनी वाहवा करावी, आणि दावलरावाने केसांवरून हात फिरवावा. खेळ सुरू जाहला आणि मामांचे डोळे कामास लागले. थोरल्याच्या स्वाराने धाकट्याच्या स्वारास कोपराने पाडिले, मामा छताकडे पाहत होते. धाकट्याचा स्वार नुसता शेजारून गेला, मामांचा हात वर. हात वर म्हणजे गुन्हा, आणि गुन्हेगारास मैदानालगतच्या लाकडी कोंडवाड्यात बसवितात, मग त्याचे सोबती एक असामी कमी घेऊन लढतात. परंतु यात एक बारकावा आहे तो वाचणाराने ध्यानी ठेवावा. हात वर गेला तरी शिट्टी लगेच वाजत नाही. गुन्हेगार पक्षाने चकती ताब्यात घेतली की मग वाजते, तोवर दुसऱ्या पक्षाने खुशाल हल्ला करावा. आणि चकती हाती येताच शिट्टी होणार, म्हणजे गुन्हेगाराकडून गोल होण्याचे भय नाही, म्हणोन दुसरा पक्ष आपल्या किल्लेदारास जाळ्यावरून उठवून बाहेर बोलावितो आणि त्याच्या ठायी जादा स्वार धाडितो. मामांचा हात वर जाताच थोरल्याचा किल्लेदार पळत बाहेर, सहावा स्वार आत, आणि सहा जणांनी गणोजीवर गर्दी करून पहिला गोल केला. मामांनी टोपी काढून भाच्याचे नाव ऐसे पुकारिले की छपरावरची कबुतरे उडाली.

मग खेळाच्या तीन पर्वांतले दुसरे पर्व लागले आणि खरा अन्याय जाहला तो येथे. दावलरावाने चकती हाणिली, गणोजीने पाय आडवा घातला, किल्लेदाराच्या पायांस जाड गाद्या बांधलेल्या असतात त्या गादीखाली चकती दबली आणि निपचित पडली. ऐशा समयी शिट्टी वाजावी हा शिरस्ता. गणोजी शिट्टीची वाट पाहत तसाच बसला, आणि शिट्टी काही वाजेना, आणि दावलराव काठी घेऊन आला आणि काठीने गणोजीच्या गादीखाली उकरू लागला, जसे घूस उकरते तसे, आणि उकरता उकरता गणोजीसकट चकती जाळ्यात लोटिली. मामांनी हात जाळ्याकडे केला, गोल. गणोजी तसाच बर्फावर बसून राहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी आले ते थंडीचे नव्हते. उस्ताद भिवबा लटपटत बर्फावर आले आणि अदबीने पुसते जाहले की चकती किल्लेदाराच्या ताब्यात होती, शिट्टी का नाही? तेव्हा विसाजीपंतांनी छाती फुगविली आणि साऱ्या मैदानास ऐकू जाईल ऐसा निवाडा सांगितला.

"गादीस लागली म्हणजे ताब्यात आली ऐसे नव्हे. हाताने धरील तरच धरली. माझ्या मैदानी हाच कायदा."

भिवबांनी मान लवविली, बरे म्हणाले, आणि माघारे गेले. जाता जाता गणोजीच्या खांद्यावर हात ठेवून बोलिले की रडणे उद्या करू, आज पाय हलव. काठावर बयाबाईंनी शेजारणीस विचारिले की हा शिट्टीवाला कोणाचा कोण, आणि मामा म्हणोन कळल्यावर शाल कमरेस खोचिली.

तिसरे पर्व लागले आणि गणोजीस काय वारे शिरले कोण जाणे. दावलराव उजवीकडून आला, अडविला. डावीकडून आला, अडविला. चकती छातीवर घेतली, खांद्यावर घेतली, एक तर मस्तकावरच्या लोखंडी टोपावर घेतली, तिचा टणत्कार ऐसा जाहला की गणोजीस क्षणभर दोन दावलराव दिसले, आणि त्याने दोघांसही अडविले. हे पाहून धाकट्याच्या स्वारांस अवसान चढले, आपला गडी इतका सोसतो आणि आपण काय नुसते दमतो, ऐसे म्हणोन त्यांनी निकराने चाल केली आणि एक गोल केला, आणि थोरल्याची फौज सावरते न सावरते तो दुसरा केला, दोन-दोन बरोबरी जाहली. मामांनी ती नावे टोपीच्या आत तोंड घालून पुकारिली, जणू घसा बसला होता. धाकट्याची मंडळी थोडकी, परंतु ऐसी ओरडली की थोरल्याच्या गाद्यांवरचे लोकही उठून उभे राहिले, आणि खरे सांगावे तर त्यांतले निम्मे मनातून धाकट्याकडे जाहले होते, मामांची पंचगिरी त्यांसही शिळ्या कढीसारखी झाली होती.

आता घडी संपत आली. दावलरावाने मामांकडे पाहिले, मामांनी दावलरावाकडे पाहिले, आणि धाकट्याचा एक स्वार नाक पुसावयास म्हणोन हात उचलता जाहला, इतक्यात मामांचा हात वर! गुन्हा कसला, तर काठी उंच धरिली. त्या बिचाऱ्याची काठी तर दुसऱ्या हाती, बर्फास टेकलेली. गणोजीने जाळ्यातून हे पाहिले आणि तो मनात म्हणाला की संपले, तळे गेले, मोटारी आल्या. तिकडे थोरल्याच्या लोकांस तर जिंकल्यातच जमा. त्यांचा किल्लेदार हसत हसत जाळे टाकून बाहेर गेला, सहावा स्वार आत आला, आणि दावलरावाने सारे बळ एकवटून चकती हाणिली. गणोजीस ती दिसलीच नाही. त्याने केवळ देवाचे नाव घेऊन पाय फेकिला, गादीवर धप्प ऐसा आवाज जाहला, आणि चकती उसळून फिरून दावलरावाच्याच काठीस आली. चकती गणोजीने धरिली नव्हती, सबब शिट्टी नाही. दावलरावापुढे जाळे उघडे, गणोजी आडवा पडलेला, नुसती ढकलिली असती तरी पुरे होते. परंतु माणसाचा स्वभाव! जिंकावयाचेच आहे तर डौलाने जिंकू, ऐसे त्याच्या मनात आले, आणि त्याने न पाहता चकती मागे टोलविली, जोडीदाराने मारावी आणि लोकांनी वाहवा करावी म्हणोन.

मागे जोडीदार नव्हता. मामांचा हात वर गेला तेव्हाच तो कठड्याशी जाऊन ओळखीच्या मंडळींचे नमस्कार घेत होता. चकती बर्फावरून निघाली ती निघाली. मैदानाचा मध्य ओलांडिला, कोणी नाही. पुढे थोरल्याचे जाळे, त्यात कोणी नाही. त्यांच्या किल्लेदाराने पाहिले, तोंडचे पाणी पळाले, कठड्यावरून उडी टाकून धावावयास गेला आणि आपल्याच राखीव गड्याच्या पायात अडकून उताणा पडला. गणोजी पोटावर पडल्या पडल्या पाहत होता, आणि चकतीस काही घाई नव्हती, ती आपली सरत सरत गेली, दाराशी थोडी रेंगाळली ऐसे सर्वांस वाटले, आणि आत गेली.

मग जो कल्लोळ जाहला तो लिहिता येत नाही. दावलराव धावत मामांकडे गेला आणि म्हणाला की चकती त्यांच्या किल्लेदारास लागली होती, खेळ तेथेच थांबला, हा गोल धरू नये. मामांचा चेहरा उजळला, हात शिट्टीकडे गेला. तेव्हा उस्ताद भिवबा बर्फावर आले, त्यांस घाई नव्हती, आणि हात जोडून हळूच बोलिले.

"पंतसाहेब, आपलाच निवाडा आहे, आम्ही तो पाळतो. गादीस लागली म्हणजे ताब्यात आली ऐसे नव्हे."

हे शब्द पुढच्यांनी मागच्यांस सांगितले, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांस, आणि थोरल्याच्याच पोरांनी पाय आपटून एका सुरात तो निवाडा म्हणावयास आरंभ केला. मामांचा हात दगडाखाली सापडला. गुन्हा नव्हताच, सबब तो डाव रद्द म्हणावे तर आपला हात सर्वांदेखत वर गेलेला, गादी म्हणजे ताबा म्हणावे तर आधीचा भाच्याचा गोल जातो, आणि तो गेला तर हरणे आहेच. हात न उचलता तर किल्लेदार जाळ्यात असता, आणि किल्लेदार जाळ्यात असता तर चकती अडती, हे मामांस त्या घडीस कळले, पण वेळ गेली होती. शेवटी मैदानाच्या मधोमध आले, टोपी काढिली, आणि रीतीप्रमाणे नाव पुकारावयाचे तो नवाच पेच पडला, की गोल कोणाचा? कायदा ऐसा की शत्रूने आपल्याच जाळ्यात चकती घातली तर ती शेवटी आपल्या ज्या गड्यास लागली त्याचे नाव. शेवटी लागली ती गणोजीच्या गादीस. मामा टोपीत तोंड घालून काहीसे पुटपुटले.

तेव्हा काठावर एक बाई उठून उभी राहिली, शाल कमरेस खोचलेली. बयाबाई म्हणाल्या, "अहो पंच, मला ऐकू आलं नाही."

आणि कायदा कायदा आहे. विसाजीपंतांनी टोपी खाली केली, घसा साफ केला, आणि खड्या आवाजात पुकारिले, "गोल, गणोजी ठोंबरे, धाकटे कॉलेज!" नगारा वाजला, घडी संपली, निशाण धाकट्याकडे आले. गणोजीस स्वारांनी खांद्यावर घेण्याचा यत्न केला, पण अंगाने आडवा, गाद्यांसकट पेलेना, मग सारेच बर्फावर कोसळले आणि तसेच पडून हसत राहिले, आणि गणोजी ढसढसा रडला.

येणेप्रमाणे धाकट्याची फौज राहिली, तळे राहिले, मोटारी अद्याप रस्त्याच्या कडेस उभ्या राहतात आणि कारभारी त्याबद्दल कुरकुरतात. दावलराव आता मागे पाहून टोलवितो असे ऐकतो. ते दिवशी घरी परतताना बयाबाईंनी काही विचारिले नाही, सारी वाट बोलत मात्र आल्या. ऐसे जाहले, तैसे लिहिले, लेखनमर्यादा राखिली, हात गारठला सबब पुरे.