पेठेकाकांचा संधिवात

आमच्या पनवेलच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे पेठेकाका मफलर गळ्याला नव्हे, गुडघ्यांना बांधत. तेही पँटवरून. एक तपकिरी, एक पोपटी. या थाटात ते सकाळी दूध केंद्रावर येत आणि रांग मोडून थेट पुढे घुसत. "सरका, सरका! वात आहे मला, वात! थंडीचे दिवस आहेत."

थंडी! नव्वद सालच्या आसपास पनवेलची थंडी म्हणजे पंखा पाचावरून तिनावर आणायचा, एवढीच. पण काकांना तेवढी पुरे होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारातली कारकुनी संपल्यावर त्यांनी संधिवात हाच पूर्णवेळ धंदा धरला होता. लोकांना आजार होतो. काकांनी तो पाळला होता.

कुठल्याही नव्या उपायाची कुणकुण लागायचा अवकाश, तो काकांच्या गुडघ्यावर चढलाच म्हणून समजा. एरंडाची पानं झाली, तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी झाली, निर्गुडीचा शेक झाला. एका ट्रकवाल्याने सांगितलं म्हणून मोहरीच्या तेलात लसूण जाळला, तेव्हा तळमजल्यावरचे लोक कोणाकडे जेवण आहे म्हणून चौकशी करत वर आले. बरं, दुखणंही मोठं चमत्कारिक. सोमवारी डाव्या पायाने लंगडणारे काका बुधवारी उजव्या पायाने लंगडत.

"काका, पाय बदलला वाटतं?" मी एकदा विचारलंच.

"वात फिरता असतो," काका तुच्छतेने म्हणाले. "तुम्हा लोकांना कळायचं नाही."

काकू मात्र कधी खाली दिसत नसत. "बिचारी दिवसभर ह्यांच्या पुरचुंड्या गरम करत बसत असेल," माझी बायको म्हणायची. मलाही त्यात शंका नव्हती. काही पुरुषांना बायकोकडून सेवा करून घ्यायला दुखणं लागतं, आणि ते नसलं तर ते तयार करतात.

एका जानेवारीत मात्र कहर झाला. काका उरणजवळच्या मोरा बंदरावर जाऊन मुशी माशाचं तेल घेऊन आले. विकणाऱ्या कोळणीने म्हणे छातीठोक सांगितलं होतं, "आमी हेच लावतो, बाबा. दुखनं कायपन रहायचं नाय." दुखण्याचं माहीत नाही, जिन्यात माणसं राहणं मुश्कील झालं. गल्लीतली सगळी मांजरं काकांच्या दारापाशी येऊन बसली. शेवटी बिल्डिंगने मला वर पाठवलं. मी बरोबर त्यांच्या खाली राहत होतो. माझा संताप जास्त ताजा होता.

रविवारची सकाळ होती. दार अर्धवट उघडं होतं. काय काय सुनवायचं ते जिन्यातच जुळवून मी आत पाऊल टाकलं आणि थांबलो.

गॅलरीतल्या उन्हात काकू खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर घेतलेल्या घमेल्यातल्या कोमट पाण्यात त्यांचे हात बुडवलेले होते. बोटं वाळलेल्या आल्यासारखी वाकडी झाली होती. मागे उभे राहून काका त्यांची वेणी घालत होते.

"घट्ट ओढू नका हो."

"सैल घातली की दुपारपर्यंत सुटते. मग पुन्हा मलाच बोलतेस."

मला पाहताच काका दचकले. "चहा ठेवतो," एवढंच म्हणून स्वयंपाकघरात गेले. ताठ चालत.

"वासाचं सांगायला आलात ना?" काकूच म्हणाल्या. "मागच्या थंडीत बिब्बा लावला तर माझ्या हातांवर फोड आले. तेव्हापासून काहीही आणलं की आधी स्वतःच्या गुडघ्याला लावतात. एकाला फोड आले की दुसरा पाय. कातडीला सोसलं, तरच मला."

"म्हणजे काकांचे गुडघे…"

"त्यांच्या गुडघ्यांना काय धाड भरलीय!" काकू हसल्या, आणि मग बोटं पाण्यात आणखी खाली ओढून घेतली. "मीच म्हटलं, हे हात कोणाला दाखवायचे नाहीत मला. बायका येणार, बघणार, चुकचुकणार. तर हे म्हणाले, मग दुखणं माझ्या नावावर राहू दे."

काका कपबशी घेऊन आले. चहा बशीत ओतला, फुंकला, आणि बशी काकूंच्या ओठांशी धरली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "संध्याकाळपर्यंत जाईल वास."

मी खाली आलो. बायको हळदीकुंकवाची तयारी करत होती.

"पेठेकाकूंनाही बोलवावं म्हणते. वर जाऊन येऊ का?"

"नको," मी म्हटलं. "त्या माहेरी गेल्यात."