भिकनअप्पांची जर्मन काच

भिकनअप्पांनी तुमचा फोटो काढला, तर त्यात तुमच्या शर्टाचा धागान् धागा मोजता येईल. चेहरा ओळखू येईलच असं नाही. माझ्या बायकोच्या त्यांनी काढलेल्या फोटोत साडीचा काठ असा उठून आलाय की दुकानदाराने तो फ्रेम करून लावावा. काठाच्या वर, धुक्यात, एक बाई आहे. ती आपलीच, हे मी अंदाजाने सांगतो. बायको त्यानंतर महिनाभर अप्पांशी बोलली नव्हती.

अप्पांचाही इलाज नव्हता. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं कापड तपासताहेत. उजेडाच्या टेबलावरून ताका सरकत जातो आणि अप्पा तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग हुडकत बसतात. त्यामुळे माणूस समोर आला की त्यांची नजर आधी कापडावर जाते आणि बहुधा तिथेच राहते.

कॅमेरा म्हणाल तर खिशात मावणारा, अगदी स्वस्तातला. पण त्याच्या भिंगाभोवती एका जर्मन कंपनीचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं आहे, आणि आमच्या नवागामच्या गल्लीत ते नाव वाचायला लागलं नाही असा माणूस नाही. कोणी महागडा फोन बाहेर काढला की अप्पा हसतात. "डबा कसाही असू द्या गुरुजी, काच पहा, काच." गुरुजी म्हणजे मी; इथल्या मराठी शाळेत शिकवतो. "फोनचा फोटो म्हणजे खळ दिलेलं कापड. एकदा धुतलं की कळतं."

पुढे पुढे ते माणसंही याच मापाने मोजू लागले. कारखान्यात नवा सुपरवायझर आला तर, "डबा भारी, काच प्लास्टिकची." समोरचा गुजराती किराणावाला, "डबा जुना, पण काच एकदम चोख्खी." मी एकदा हौसेने विचारलं, "आणि माझं काय?" अप्पांनी मला निरखून पाहिलं. "काच बरी आहे," ते म्हणाले, "पण पुसायला झाली." मी पुन्हा विचारलं नाही.

अप्पांना एकच मुलगी, जयू. भेस्तानला एका लॅबमध्ये कामाला जाते. यंदा तिच्या धुळ्याच्या मामाने नाशिकचं स्थळ आणलं. मुलगा आणि जयू फोनवर बोलले, दोघांचं जमलंही. मुलाची आई मात्र म्हणाली, फोनवर सगळ्याच पोरी गोऱ्या दिसतात, कॅमेऱ्यावर काढलेला एक साधा फोटो पाठवा. हे ऐकून अप्पांना गगन ठेंगणं झालं. "त्या बाईची काच चांगली आहे," ते म्हणाले आणि स्टुडिओचं नाव काढायचं नाही असं त्यांनी घरात बजावलं.

मग तीन रविवार गच्चीवर जयू उभी आणि अप्पा वाकलेले. हनुवटी खाली, ओढणीला चुणी पडली, उजेड सरकला. संध्याकाळी निकाल ठरलेला: नापास. वहिनी, म्हणजे जयूची आई, जिन्यातून ओरडायच्या, "फोटो काढी राहिनात का ताका तपासी राहिनात? एक दिन ही काच फोडी टाकसू मी."

तिकडून मामाचा निरोप आला की ती माणसं आता दुसरीकडे पाहू लागलीत, या रविवारपर्यंत फोटो आला नाही तर विषय संपला. जयू माझ्याकडे आली. तशी धीट पोरगी, पण त्या दिवशी खाली बघून बोलत होती. "सर, मला तो मुलगा पसंत आहे. अप्पांना सांगा ना, एक तरी फोटो पास करा."

रविवारी सकाळी गेलो. अप्पा अंघोळीला गेले होते. वहिनींनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच पहा, काय खराब आलंय ते."

मी एकेक फोटो पुढे सरकवू लागलो. ओढणी, काठ, बटणं शोधत होतो. तसं काहीच नव्हतं. सगळीकडे जयूचा चेहरा होता. कपाळावरची बट, गालावरचा लहानपणीचा व्रण, वैतागल्यावर आक्रसलेलं नाक. पोझ संपल्यावर आईकडे बघून खळखळून हसताना तर तिची पापणीन् पापणी दिसत होती. दीडदोनशे फोटो, आणि त्यातला एकही वाईट नाही.

अप्पा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. मी कॅमेरा पुढे केला. "अप्पा, सगळे उत्तम आलेत की."

"म्हणून तर," अप्पा म्हणाले आणि खाटेवर बसले. "यातला कोणताही पाठवला तरी ते लगेच हो म्हणतील, गुरुजी."

ज्या माणसाची मी गल्लीभर नक्कल करून दाखवत होतो, त्याच्याकडे मला बघवेना. जयू आत ओट्यापाशी उभी होती, तिने ऐकलं असावं. भांड्यांचा आवाज थांबला होता.

अप्पांनी तिच्या दिशेने पाहिलं. मग कॅमेरा घेतला, हसणारा फोटो शोधून मला दाखवला, आणि कार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "हाच पाठवा. आणि खाली दोन ओळी लिहा. तिला हस म्हटलं की ती हसत नाही. गप्प बसून थोडं थांबावं लागतं, मग आपोआप हसते. एवढं त्या पोराला कळवा."