उजेड पडला पोटात

थोरलीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, निळा प्रकाश सुरू केला आणि डोळे चोळून पुन्हा पाहिलं. माशाच्या पिल्लाचं डोकं काळंकुट्ट होतं आणि पोट हिरवंगार उजळलं होतं. तिने दुसरं पिल्लू पाहिलं, तिसरं पाहिलं. बशीतल्या एकजात सगळ्यांनी डोकी बंद ठेवून पोटात दिवे लावले होते.

प्रयोगशाळेत तिला थोरली म्हणत, कारण तिच्या मागून आलेली मंडळी पदव्या घेऊन कुठे कुठे साहेब होऊन बसली होती आणि ही अजून माशांची अंडीच गोळा करत होती. तिचा विषय म्हणजे एक बटण. मेंदूच्या पेशी घडत असताना कुठलं जनुक कुठे चालू करायचं, हे ठरवणारा डीएनएचा एक चिमुकला तुकडा. जिन्यातल्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात असावं, तसा तो जनुकापासून लांब बसून कारभार हाकतो. कोट्यवधी वर्षांत निसर्गाने बाकी पुष्कळ उलथापालथ केली, पण या बटणाला हात लावला नाही. माशात आणि माणसात ते जवळजवळ सारखंच राहिलं. थोरलीने माणसाचं बटण घेतलं, त्याला हिरवा उजेड देणारं जनुक जोडलं आणि ते माशांच्या अंड्यांत सोडलं. पिल्लांचा मेंदू उजळला, की माणसाचं बटण माशातही चालतं हे सिद्ध. दुपारी तिची पदवी ठरवणाऱ्या समितीच्या बाई तेच बघायला आणि तिचं व्याख्यान ऐकायला येणार होत्या. उजळला नाही, तर विषय बंद आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"चेहरा का उतरलाय?" तिचे मार्गदर्शक सर आत येत म्हणाले.

"सर, डोक्यात काहीच नाहीये."

"ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. माशांचं काय ते सांग."

तिने खुर्ची सोडली. सरांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, पोटातसुद्धा चेतापेशी असतात. आतड्याला स्वतःचा मेंदूच असतो म्हण. हे बटण डोक्याचं नाहीच. पोटाचं आहे. तू शोध लावलायस."

इतक्या वर्षांत तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडलं. सर तोवर शेजारच्या प्रयोगशाळेत सांगून आले, तिथून संचालकांकडे गेले आणि परत आले ते शोधनिबंधाचं शीर्षक ठरवूनच. दुपारचं व्याख्यान छोट्या खोलीतून मोठ्या सभागृहात हलवलं गेलं. समितीच्या बाईंना जरा लवकरच या म्हणून निरोपही गेला.

इकडे थोरलीने रीतीप्रमाणे दुसरी बशी पुढे ओढली. तुलनेसाठी ठेवलेली ही साधी पिल्लं. ना बटण, ना दिवा. पण त्यांचीही पोटं तशीच झगमगत होती.

इथेच कुठेतरी घोडं पेंड खात होतं. रविवारी प्रयोगशाळेत विजेचं काम निघालं होतं, म्हणून दोन्ही बशा तिने घरी नेऊन फ्रीजच्या वर उबेला ठेवल्या होत्या. यांना कोणी हात लावायचा नाही, असं बजावूनही सांगितलं होतं. तिने घरी फोन लावला.

"आई, फ्रीजवरच्या बशांना हात लावला होतात का?"

"हात कशाला लावू?" सासूबाई म्हणाल्या. "चमच्याने घातलं."

"काय घातलं?"

"जन्मल्यापासून त्यांच्या तोंडात काही गेलं नाही, असं तूच म्हणालीस ना जेवताना? मला पुढे घास गिळवेना. तुझ्या सासऱ्यांची ती ताकदीची पिवळी गोळी असते, ती कुटून चिमूट चिमूट घातली. दोन्हीकडे सारखी हं. आपल्याकडे दुजाभाव नाही."

अंगातल्या बलकावर ती पिल्लं सुरुवातीचे दिवस मजेत काढतात, हे त्यांना कोण सांगणार. आणि त्या गोळीतलं पिवळं जीवनसत्त्व निळ्या उजेडात हिरवं चमकतं, हे थोरलीला झोपेतही ठाऊक होतं. त्या लखलखाटापुढे मेंदूतला मिणमिणता उजेड असला तरी दिसणार कुठून?

दार उघडलं. सर समितीच्या बाईंना घेऊन आले आणि 'पोटातला मेंदू' समजावू लागले. थोरलीच्या हातात दुसरी बशी होती. ती गुपचूप कपाटात सरकवली असती, तर कोणाला ताकास तूर लागली नसती. तिने एकदा कपाटाकडे पाहिलं. शेवटी तिने ती बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"सर, यांच्यात बटणच नाही. तरी पोट उजळलंय. माझ्या सासूबाईंनी त्यांना जीवनसत्त्व चारलंय."

सर खुर्चीत बसले. बाईंनी वाकून पाहिलं.

"दोन्ही बशांत चारलं?"

"हो. सारखंच."

"प्रयोगाची शिस्त आहे तुमच्या सासूबाईंना," बाई म्हणाल्या. "बटणाच्याच बशीत घातलं असतं, तर आपण सगळे सभागृहात तोंडावर आपटलो असतो. पोटं रिकामी होऊ द्या. उद्या येते मी. सासूबाईंनाही घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पोटं स्वच्छ होती. थोरलीने श्वास रोखून निळा प्रकाश लावला. पिल्लाच्या डोक्यात बारीक हिरवे धागे उमटले होते, एकातून एक फुटत कण्याकडे उतरत होते. साध्या बशीत मात्र अंधार होता. तिचे डोळे भरून आले आणि थोडा वेळ तिला काहीच दिसेना.

"डोक्यात आहे की गं," सर पुटपुटले. सगळ्यांचं बघून झाल्यावर सासूबाई पुढे झाल्या.

"हे माणसाचं बटण? म्हणजे माझ्याही डोक्यात हेच?"

"हेच, आई."

"आणि या पिल्लाचंही जवळपास तसंच?"

"हो. तेच तर सिद्ध झालं."

सासूबाईंनी मान वर केली. "मग उपाशी पोटी त्याला काय वाटत असेल, ते मला बरोबर कळलं होतं की नाही?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. पिल्लांच्या अंगातला बलक आता खरंच संपला होता. थोरली उठली आणि माशांच्या खाद्याचा डबा आणायला गेली. मागे सासूबाई सरांना विचारत होत्या, "आणि तुम्ही? जेवलात का काही?"