इंटरनेट व्हाया रबाळे

गीतांजलीच्या कामात चूक निघत नाही, असं खुद्द गीतांजलीचं मत होतं. रबाळ्यातल्या छोट्याशा इंटरनेट कंपनीत आज तिच्या प्रोबेशनचा शेवटचा दिवस. देशभर पसरलेल्या एका बड्या कंपनीची लाइन होतीच; आज तशाच दुसऱ्या बड्या कंपनीची बिनबोभाट जोडली की नोकरी पक्की! तिने तेवीस पायऱ्यांची यादीच केली होती.

बावीस झाल्या आणि मालक सुभाष सर नारळ घेऊन उभे राहिले. मुहूर्त टळत होता. तेविसावी पायरी, राउटरमधली एकच ओळ राहिलीय, असं तिने सांगून पाहिलं.

"ती मागनं घाला मॅडम. मुहूर्त थांबत नाय," म्हणत सरांनी नारळ फोडला. तिने लाइन सुरू केली.

राहिलेली ओळ एवढीच, की आपल्या राउटरने बाहेर फक्त आपलेच इंटरनेटचे पत्ते सांगायचे. ती नव्हती, म्हणून राउटरने पहिल्या बड्या कंपनीचे सगळे पत्ते दुसरीला कळवले, दुसरीचे पहिलीला. इकडून या, रस्ता मोकळा आहे! दोघींनी विश्वास ठेवला. पाम बीच रोडची सगळी वाहतूक एखाद्या सोसायटीच्या गेटातून वळवावी, तसं झालं.

भिंतीवरच्या स्क्रीनवरचा आलेख छताकडे निघाला. सरांना वाटलं, धंदा वाढला. त्यांनी त्याचा फोटो व्यापारी मित्रांच्या ग्रुपवर टाकला, पेढे मागवले. खारघरहून गिऱ्हाइकांचे फोन आले, काहीच उघडत नाही म्हणून. आज गर्दी फार आहे, असं सर प्रत्येकाला अभिमानाने सांगत होते.

गीतांजलीने खोबरं गालात ठेवूनच ती ओळ घातली. लाइन सुरू झाल्यापासून अकराव्या मिनिटाला आलेख जमिनीवर!

"काय केलंत?" सर कळवळले.

"बंद केलं."

"चांगलं चाललं होतं की ओ."

तेवढ्यात दुसऱ्या बड्या कंपनीचा फोन आला. नोकरी गेलीच, असं धरून तिने स्पीकरवर चूक, कारण, वेळ, सगळं सेकंदासकट सांगितलं. पलीकडचा आवाज मऊ झाला.

"मॅडम, आमी तर कारण शोधायला अजून मीटिंगलाच बसलोय. खरं तर तुमच्या राउटरचं ऐकायच्या आधी आमीच तपासायला हवं होतं. तेवढं मेलमध्ये नका लिहू."

"लिहावं लागेल," गीतांजली म्हणाली.

सरांची छाती फुगली. बड्या कंपनीला असं बोलणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. चार वाजता कायम नोकरीचं पत्र तिच्या हातात पडलं. कारण लिहिलं होतं, 'एका दिवसात कंपनीला देशपातळीवर नेल्याबद्दल.'

चुकीच्या विधानाखाली सही करणं गीतांजलीला जमेना. तिने 'एका दिवसात' खोडून वर 'अकरा मिनिटांत' लिहिलं आणि सही केली.