आतलं नाव, बाहेरचं नाव

ऑफिसात नवा संगणक आला की अण्णा त्याच्या कानात नाव सांगत. संगणकाला कान कुठे असतो, असं मी एकदा विचारलं. "गरम वारा बाहेर पडतो तिथे," म्हणाले आणि पंख्याच्या जाळीला तोंड लावून कुजबुजले, "तू हुलगा. सरी? चालेल ना?" बारशाला आत्या नाव सांगते, याला आत्या कुठली, म्हणून मीच सांगतो, असं वर स्पष्टीकरण.

खंडोजी राव हे त्यांचं पूर्ण नाव. तीनेकशे वर्षांपूर्वी बंगळुरात येऊन राहिलेल्या घराण्यातले. घरात मराठी, तेही असं की निम्मं कन्नड त्यात विरघळलेलं. मी निपाणीकडचा. या गावात जुनी खोकी पायी विकत फिरलो. आज होसकोटेला खोक्यांचा कारखाना आहे आणि इंदिरानगरात ऑफिस. देवळाबाहेरच्या नारळवाल्याशीही मी घासाघीस करतो, आणि डोकं तापलं की समोर कोण आहे ते बघत नाही. माझ्या हाताखाली अण्णा अकरा वर्षं टिकले. ऑफिसातले सगळे संगणक एकमेकांना जोडून चालते ठेवणं हे त्यांचं काम.

जोडणी करायच्या आधी त्यांनी नावांचा विषय काढला. कंपनीला दोन नावं हवीत, म्हणाले. एक बाहेरचं, इंटरनेटवर गिऱ्हाइकांनी टाइप करायचं, ज्यावर पत्रं येतात ते. दुसरं आतलं, ज्या नावाने आपले संगणक, प्रिंटर, गोदामाची यादी एकमेकांना हाक मारतात.

"एकच ठेवा दोन्हीकडे," मी म्हणालो.

"घरात हाक मारायचं नाव आणि रेशन कार्डावरचं नाव एक असतं का, स्वामी? एकच ठेवलं तर घरातली हाक रस्त्यावर जाईल आणि रस्त्यावरची घरात येईल."

"मग आतलं काहीतरी बनवून टाका. कोण विचारतंय."

"स्वल्प थांबा. बनवलेलं नाव उद्या जगात कुणी खरोखर घेतलं तर? तुमचा हुलगा हाक मारेल, ओ देईल भलताच. आतलं नावसुद्धा रीतसर घ्यायचं."

जे नाव कुणाला दिसणार नाही त्याला मी पैसे देणार नाही, असं सांगून मी विषय संपवला. अण्णांनी तीन आठवडे विचार केला. भिंतीवर नावं लिहिली, मोठ्याने वाचली, खोडली. आतल्या नावाला अर्थ नसावा, अर्थ असला की लोकांचा डोळा जातो, असं त्यांचं मत. शेवटी एक ठरलं. ते मी इथे लिहीत नाही. आतलं नाव बाहेर गेलेलं त्यांना चालत नाही.

बाहेरचं नाव मात्र माझ्या भागीदाराने आणलं. त्याच्या ओळखीचा माणूस फुकटात करून देत होता. फुकट म्हटल्यावर मी कागदसुद्धा पाहिले नाहीत. माझ्यासारख्या माणसाने.

चार वर्षांनी भागीदार वेगळा झाला, तेव्हा कळलं की ते नाव त्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. एका सोमवारी ते त्याच्याबरोबर गेलं. आमचं पान गेलं, पत्रं गेली. जुनी गिऱ्हाइकं आजही त्या पत्त्यावर मला लिहितात आणि तो त्यांना उत्तर देतो. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. त्या सोमवारी ऑफिसातला एकही संगणक मात्र अडला नाही. हुलगा, उडीद, मटकी, सगळे आतल्या नावाने एकमेकांना हाका मारत होते. अण्णा प्रिंटरवरची धूळ पुसत उभे राहिले.

मग मी सगळे कागद तपासायला एक वकील बसवला. त्याने यादी आणली. आतल्या नावाचा मालक: खंडोजी राव, के. आर. पुरम.

दुसरा चोर, एवढंच माझ्या डोक्यात आलं. सगळ्या ऑफिससमोर मी अण्णांना नको ते बोललो. ते म्हणाले, "स्वल्प थांबा, स्वामी. तुमच्या नावावर करून देतो."

आठवडा गेला, दुसरा गेला. अण्णा महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. हार झाला, नारळ झाला, नाव तिथेच. फोन केला की "करूया की." तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, मी त्यांच्या घरी गेलो. वाटेत बोलणी जुळवली होती: किती मागतील, मी कुठून सुरू करायचं, कुठे उठून जायचं नाटक करायचं.

दोन खोल्या. दुसऱ्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, तो उचलून त्यांनी मला बसवलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एवढं मला ऐकून माहीत होतं.

"काय घेणार ते सांगा," मी म्हणालो.

त्यांनी घरचा संगणक उघडला, चार ठिकाणी बोट दाबलं. "झालं. आता तुमचं."

माझी सगळी बोलणी वाया गेली. त्याचाही राग आला. "एवढ्याला तीन आठवडे?"

ते पडद्याकडेच बघत राहिले. "मुदत संपत आली की दर वर्षी आठवणीचं पत्र येतं. तुम्ही देणार नव्हता म्हणून पैसे मी भरले, नाव माझ्या नावावर, म्हणून पत्र मला. ते घेऊन मी तुमच्या केबिनमध्ये यायचो. दर वेळी सांगत होतो की हे माझ्या नावावर आहे, तुमच्या करून घ्या."

"मला नाही आठवत."

"तुम्ही म्हणायचात, न दिसणाऱ्या नावाला कसली मुदत. थोडं ओरडायचात. मग कॉफी मागवायचात." अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आता पत्र तुम्हाला येणार. मग मी कशाला येणार, सांगा."

आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलं मी. तिथेही सौदाच केला.

"मालकी माझी," मी म्हणालो. "पत्र तुम्हालाच येऊ दे. असली पत्रं वाचायला मला वेळ नाही."

"तसं ठेवता येतं," ते लगेच म्हणाले आणि पुन्हा बोट दाबायला लागले.

पुढचं पत्र यायला अजून सात महिने आहेत. परवा अण्णा ऑफिसात आले. केबिनच्या दारातच उभे राहिले, आत आले नाहीत.

"अजून आलं नाही," म्हणाले. "एवढंच सांगायला आलो."

मी दोन कॉफी सांगितल्या.